एकोणीस कान

रौदाच्या पर्समध्ये कायम एक गोल आरसा असायचा, आणि त्यात तिनं कधी स्वतःचं तोंड बघितलेलं ऑफिसात कुणाला आठवत नाही. मोपेडवरून यायची, हेल्मेट काढायची, केस चारी बाजूंना उभे, तशीच खुर्चीत बसायची. आरसा होता वहीसाठी. चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं मोबाइलची एखादी स्क्रीन काढून झाली की ती वहीच्या कडेला आरसा उभा धरायची, मान वाकडी करून आत बघायची आणि म्हणायची, "हं, आता अरबीत कशी दिसते बघू."

त्याचं असं आहे, की आमच्या स्फॅक्स शहरात माणूस डॉक्टरशी फ्रेंचमध्ये बोलतो, आईशी अरबीत बोलतो, आणि भांडायची वेळ आली की दोन्ही भाषा बाहेर काढतो. त्यामुळे इथलं कुठलंही अॅप दोन्ही भाषांत चालावं लागतं. फ्रेंच डावीकडून उजवीकडे जाते, अरबी उजवीकडून डावीकडे येते. भाषा बदलली की स्क्रीनवरचं सगळं बिऱ्हाड इकडून तिकडे हलवायचं: नाव, बटण, बाण, फोटो. बाहेरून आलेली अॅपं अरबीत लावून बघा एकदा. अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली, बटण कडेला अर्धं कापलेलं, मागे जायचा बाण पुढे तोंड करून बसलेला. रौदाच्या स्क्रीनचं असं कधी व्हायचं नाही. हे उगाच कौतुक नाही; ज्याला शंका असेल त्यानं लावून बघावी.

ही अक्कल तिला कॉलेजानं दिलेली नव्हती. बाब दिवानच्या वेशीजवळ एक छापखाना होता, तिथं तिनं अकरा वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या. डाव्या अर्ध्यात फ्रेंच, उजव्या अर्ध्यात अरबी, मध्ये फुलांची वेल. दोन्हीकडच्या आजोबांची नावं बरोबर एका उंचीवर यायला हवीत. एक नाव केसभर खाली गेलं की ते अख्खं घराणं रुसून छापखान्याच्या दारात उभं. छापखाना बंद पडला तेव्हा रौदा छत्तीस वर्षांची होती. घरात दोन मुली, आणि नवरा, त्याचं नाव फौजी, मासेमारीच्या बोटीवर, महिन्यातले वीस दिवस पाण्यात. थोरल्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर ती आपली आपणच शिकत बसली. मोबाइलची स्क्रीन कशी दिसावी हे ज्या भाषेत लिहितात त्या एक्सएमएलची पहिली फाइल तिनं उघडली, दोन मिनिटं टक लावून बघितली आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर पत्रिकाच आहे!"

होतीच तशी. प्रत्येक वस्तूला एक डबा. डब्याची खूण उघडायची, आत काय ठेवायचं ते ठेवायचं, खूण बंद करायची. डब्यात डबा, त्यात आणखी डबा. कोण कुणाच्या शेजारी, कुणाला किती जागा, कोण वर, कोण खाली, सगळं शब्दांत लिहून द्यायचं. मोबाइल ते वाचतो आणि चित्र उभं करतो. पुढे ती सी हातिमच्या, म्हणजे हातिमसाहेबाच्या, नऊ माणसांच्या कंपनीत लागली तेव्हा तिथले शिकलेसवरलेले इंजिनियर तिला मागून "पत्रिकावाली" म्हणायचे. सहा महिन्यांत तेच लोक 'लेल्ला', म्हणजे बाईसाहेब, म्हणत लॅपटॉप काखोटीला मारून तिच्या टेबलाशी येऊ लागले. "लेल्ला रौदा, बघा ना, हे बटण अरबीत कुठं गायब होतंय?" ती फाइलीवरून एकदा बोट फिरवायची. "या डब्याला झाकण कुठंय? झाकण न लावता रस्सा नेलास तर सांडणारच की!"

तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तिच्याच टपोऱ्या अक्षरात एक कागद लावलेला होता. त्यावर दोन वाक्यं होती. "स्क्रीनला डावं-उजवं नसतं. डावं-उजवं माणसाला असतं." अर्थ सरळ होता. फाइलीत कुठलीही वस्तू 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' ठेव असं लिहायचं नाही. 'सुरुवातीला' ठेव, 'शेवटाला' ठेव असं लिहायचं. मग फ्रेंचमध्ये सुरुवात डावीकडे धरली जाते, अरबीत उजवीकडे, आणि मोबाइल सगळं आपोआप पलटवून देतो. जो कुणी चुकून डावं किंवा उजवं लिहील त्यानं ऑफिसला फ्रिकासे खाऊ घालायचे, हा दंड. तळलेला पाव, आत ट्यूना, अंडं आणि डोळ्यांत पाणी आणणारा हरिसा, म्हणजे मिरचीचा ठेचा. नऊ माणसांना नऊ.

सर्व्हरचं काम बघणारा लुत्फी सगळ्यात जास्त दंड भरायचा. पन्नाशीचा माणूस, मूळचा सूस शहराचा, जीभ तिखट.

"लेल्ला रौदा, तुम्हा स्फॅक्सवाल्यांना दुसऱ्याचं खाल्लं की झोप छान लागते, नाही?"

"आणि तुम्हा सूसवाल्यांना नियम मोडल्याशिवाय घास गिळत नाही, सी लुत्फी. जा, आणा. हरिसा जास्त घालायला सांगा."

मग कंपनीकडे ते कानांचं काम आलं. शाळेतल्या मुलांचे कान तपासायची एक व्हॅन, ती शहराबाहेरच्या ऑलिव्हच्या पट्ट्यात गावोगाव फिरणार. नर्स मुलाच्या कानांवर हेडफोन चढवणार, एकेका कानात बारीक आवाज सोडणार, ऐकू आला की मुलानं हात वर करायचा. ज्या कानाला ऐकू आलं नाही तो कान नर्सनं मोबाइलवर दाबायचा. बस. पुढे शहरातल्या रुग्णालयात छापील कागद जाणार: अमुक मूल, अमुक गाव, डावा कान अधू किंवा उजवा कान अधू.

रौदानं ती स्क्रीन जीव ओतून केली. मधोमध समोरून काढलेला एका पोराचा हसरा चेहरा. उजवा कान लाल, डावा कान निळा, कानाचे डॉक्टर दाखवतात तसेच. अक्षर एक नाही. दोन्ही कानांवर तिनं दोन बटणं ठेवली, ती दिसत नव्हती. नर्सला वाटावं आपण कानालाच हात लावतोय.

"खाली उजवा, डावा असं लिहून टाका की," लुत्फी म्हणाला होता.

"लिहिलं की वाचावं लागतं, सी लुत्फी. तिथं दीडशे पोरं कलकलाट करत असतात. बोट थेट कानावर गेलं पाहिजे."

बरोबरच होतं तिचं. तिनं वहीला आरसा लावला, चेहरा आरशातही तसाच हसला, दोन्ही बाजूला दोन कान. तिनं आरसा पर्समध्ये टाकला. घात झाला तो इथंच, पण तेव्हा कुणाच्या बापाला कळणार होतं!

रौदाची आणखी एक रीत होती, आणि ती मात्र कुणी उचलली नाही. आपली स्क्रीन लोकांच्या हातात गेली की ती एक दिवस रजा टाकून तिथं जाऊन बसायची. कोपऱ्यात, वही मांडीवर. कुणाशी बोलायचं नाही, नुसती बोटं बघायची. बोट कुठं अडखळलं की वहीत एक टिंब. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी ती अशीच रुग्णालयाच्या कान विभागात बाकावर बसली होती, पर्समध्ये भाजलेल्या बदामांची पुडी. व्हॅनच्या तपासणीत अधू निघालेल्या मुलांना बोलावलं होतं. मदतयंत्र कानात बसवायचं तर आधी कानाचा साचा घ्यावा लागतो. तंत्रज्ञ मुराद एकेकाला आत घेऊन मऊ लगद्यानं साचा काढत होता. पक्की तपासणी करायचं मोठं यंत्र बिघडलेलं होतं, ते महिन्याभरानं सुरू होणार, तोवर कागदावर जो कान आहे त्याचे साचे घेऊन ठेवा, असं वरून सांगितलेलं.

आणि दारात भांडण सुरू झालं.

"अहो हा नव्हे, दुसरा कान!" उन्हानं रापलेली एक बाई मुरादच्या हाताला धरून ओढत होती. तिचं नाव मब्रूका. ऑलिव्ह तोडायच्या ऐन हंगामात दिवस मोडून, पहाटेच्या वडाप जीपनं ती आली होती. शेजारी तिची सात वर्षांची रिताज, पाय झुलवत.

"बाई, कागदावर डावा लिहिलंय," मुराद म्हणाला.

"कागद राहू द्या तिकडं. पोर माझी आहे. डाव्या कानानं तिला मांजर चाललेलं ऐकू येतं. तोच कान उशीत खुपसून झोपली की मग घर डोक्यावर घेतलं तरी उठत नाही. तुम्हीच सांगा, अधू कुठला?"

"यंत्रानं तपासलंय. यंत्राचं काय तुमच्या पोरीशी वैर आहे का?"

"मग माझं आहे का?"

आता रौदाची रीत बोलायची नव्हे. पण त्या दिवशी तिला राहवलं नाही, कारण गोष्ट तिच्या स्क्रीनवर आली होती. ती उठली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "ताई, घाबरू नका. ही तपासणी दोन भाषांत पारखून घेतलेली आहे. आईला वाटतं तसंच असतं असं नाही."

मब्रूकानं तिला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्ही डॉक्टर का?"

"नाही."

"मग गप बसा की!"

बाकावरची माणसं खुसखुसली. रौदाचे कान तापले. लगदा संपला म्हणून मुराद दुसरा आणायला आत गेला, मब्रूका त्याच्या मागोमाग बोलत बोलत दारापर्यंत गेली, आणि रिताज रौदाशेजारी येऊन बसली. खरं सांगायचं तर रौदाच्या मनात तेव्हा पोरीबद्दल फार काही नव्हतं. तिला त्या आईला खोटं पाडायचं होतं. एवढी अकरा वर्षं पत्रिका जुळवल्या, वर दहा वर्षं स्क्रीन केल्या, आणि एक बाई येऊन गप बस म्हणते! ती किंचित मागे सरकली आणि पोरीच्या डाव्या कानामागे अगदी हळू, ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "बदाम हवा?"

कागद खरा असता तर पोरीला काही कळलं नसतं. पण तिनं मान न वळवता तळहात पुढे केला.

रौदानं बदाम ठेवला. मग तिनं उजव्या बाजूला वाकून जरा मोठ्यानं विचारलं, "आणखी हवा?" पोर बदाम चावत राहिली. पाय झुलत राहिले. रौदानं पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. समोरचा म्हातारा वळून बघायला लागला, पण रिताजला पत्ता नव्हता. पुन्हा डावीकडे, पुटपुटत. हात लगेच पुढे.

रौदानं स्वतःचा मोबाइल काढला, आपलंच अॅप उघडलं. फ्रेंच होती. हसऱ्या चेहऱ्याच्या लाल कानाला बोट लावलं: उजवा. बरोबर. मग भाषा अरबी केली. तोच चेहरा, तोच लाल कान, त्याच जागी. बोट लावलं. डावा.

एका क्षणात तिला सगळं दिसलं. तिनं कानांवरची बटणं नियमाप्रमाणे ठेवली होती: एक 'सुरुवातीला', एक 'शेवटाला'. अरबी लावली की बटणं मुकाट्यानं बाजू बदलत होती. चित्र मात्र चित्र होतं, ते हललं नाही. लाल कानावर निळ्याचं बटण, निळ्यावर लालचं, आणि दिसत तर दोन्ही नव्हती. रुग्णालयात डॉक्टर फ्रेंच वापरतात, तिथं सगळं ठीक. व्हॅनमधली नर्स पोरांसाठी अरबी लावते. तिनं बोट अगदी बरोबर कानावर ठेवलं होतं. रौदानं कान बदलला होता.

मुराद हातात लगदा मळत बाहेर आला. "चल गं पोरी."

"थांबा!" रौदा केवढ्यानं तरी ओरडली. "तिला हात लावू नका."

"आता तुम्ही कोण?"

"ही स्क्रीन मी केलीय. चूक तिथं आहे. चूक माझी आहे. या ताई म्हणतात तोच कान अधू आहे."

मब्रूका रुमालाच्या टोकाला हात पुसत सावकाश पुढे आली. "म्हणजे मी मघापासून काय सांगतेय?"

"तेच सांगत होतात. मी ऐकलं नाही."

"मग आधी तुमच्या कानांचा साचा काढायला सांगा," मब्रूका म्हणाली. चांगल्या कानात मोठा आवाज सोडणारं यंत्र त्या पोरीनं दिवसभर घालून फिरायचं होतं, आणि अधू कान तसाच राहायचा होता. हा विचार आला तशी रौदा भिंतीला टेकून खाली बसली, आणि मग मब्रूकानंच तिला पाणी आणून दिलं.

दुपारी ऑफिसात ती आणि लुत्फी नोंदी उघडून बसले. व्हॅननं तीनशे बारा मुलं तपासली होती. दोन्ही कान चांगले किंवा दोन्ही अधू, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. एकच कान अधू अशी मुलं एकोणीस.

"एकोणीस नोंदी पलटवायला मला दोन मिनिटं लागतील," लुत्फी म्हणाला.

"नाही जमायचं. व्हॅनबरोबर डॉक्टर असले की नर्स फ्रेंच लावायची, नसले की अरबी. कुठली नोंद कुठल्या भाषेत झाली हे मी लिहूनच ठेवलेलं नाही. सरसकट पलटवलं तर बरोबर असलेले चुकतील."

लुत्फीनं तिच्या डोक्यावरच्या कागदाकडे बघितलं. मग नेहमीचा तिखटपणा बाजूला ठेवून म्हणाला, "लेल्ला रौदा, या कागदावर दोन वाक्यं आहेत. आम्ही सगळे पहिलंच वाचत होतो."

"मी लिहिलं, आणि मीही पहिलंच वाचत होते," रौदा म्हणाली. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हरिसाचं नव्हतं.

सी हातिम वाईट माणूस नव्हे, पण गुरुवारी सरकारी समितीची बैठक होती. देशभरातल्या व्हॅनना हेच अॅप द्यायचं की नाही हे त्या बैठकीत ठरायचं होतं, आणि नऊ माणसांच्या कंपनीचं पुढचं सगळं त्यावर होतं. त्यानं केबिनचं दार लावून घेतलं. "आज दुरुस्ती कर, उद्या नवी आवृत्ती जाऊ दे. महिन्याभरानं ते मोठं यंत्र सुरू झालं की त्यांचं त्यांना कळेलच. कशाला आपणहोऊन गळ्यात धोंड बांधून घ्यायची? कुणाला ऐकू जाणार आहे?"

"त्या एकोणीस जणांना तर नाहीच जाणार, सी हातिम. त्यांना आधीच कमी ऐकू येतं."

"रौदा, तू ही कंपनी बुडवशील."

"बुडेल तर बुडेल. चार पोरांचे साचे घेऊन झालेत. शाळेनं कुणाला चुकीच्या बाजूला बसवलंय. महिना म्हणजे काय थोडा वेळ असतो सात वर्षांच्या पोराला?"

तिनं एकोणीस घरांना स्वतः फोन केले, जिन्यात बसून, एकामागून एक. प्रत्येक वेळी तेच वाक्य: "मी ती स्क्रीन केलेली बाई बोलतेय, माझ्या हातून चूक झालीय." लुत्फी म्हणाला होता निम्मे मला द्या, तिनं दिले नाहीत. एका बापानं खाडकन फोन आपटला. एका आजोबांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि सगळं बोलून झाल्यावर विचारलं, "पोरी, आवाज खोल गेलाय तुझा. जेवलीस का?" ती जेवली नव्हती. आजोबांनी सांगितलं, आधी जेव, मग पुढचा फोन कर. तिनं पुढचा फोन केला.

गुरुवारी समितीपुढे सी हातिम आकडे सांगत होता. ती मधेच उठून उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं: कान, बटणं, भाषा, एकोणीस. समोरच्यांनी चष्मे काढले, पुसले, पुन्हा घातले. मंजुरी थांबली. आधी ती मुलं पुन्हा तपासा, मग बोलू, असं ठरलं. सी हातिम नंतर आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी तिच्या टेबलावर कॉफीचा कप आदळला आणि म्हणाला, "साखर तीन चमचे घातलीय. पी, आणि काम कर." ऑफिसला कळलं की मिटलं.

दुरुस्ती तर तिनं त्याआधीच करून टाकली होती. फाइलीत तिनं दोन ठिकाणी शब्द बदलले. 'सुरुवातीला'च्या जागी 'डावीकडे', 'शेवटाला'च्या जागी 'उजवीकडे'. असं लिहिलं की लॅपटॉपसुद्धा खाली पिवळी रेघ ओढून कुरकुर करतो, बाई असं करू नका म्हणून. तिनं त्या रेघेला गप केलं आणि वर पुढच्यांसाठी एक टीप लिहिली: "हे माणसाचे कान आहेत. भाषा कुठलीही असो, ते इथंच राहतील." मग पर्स उचलून खाली गेली आणि नऊ फ्रिकासे घेऊन आली. नियम म्हणजे नियम. लुत्फीनं दोन खाल्ले. "चौदा वेळा भरलाय मी दंड," तो तोंड भरून म्हणाला, "पण असा हरिसा नव्हता कधी."

व्हॅन पुन्हा गावोगाव गेली, रौदा बरोबर गेली. एकोणिसातले चौदा कान उलटे निघाले, पाच बरोबर होते. सरसकट पलटवलं असतं तर त्या पाचांचं काय झालं असतं, हे तिनं परतीच्या वाटेवर नर्सला तीनदा सांगितलं. पण तिला आणखी एक गोष्ट खात होती. मब्रूकाला पहिल्यापासून ठाऊक होतं. मुलाच्या उशाशी बसलेल्या बहुतेक बायांना ठाऊक होतं, चौदांतल्या अकरा आयांनी, आज्यांनी फोनवर म्हटलं होतं, "आम्हाला वाटलंच होतं, पण कागदावर होतं ना!" एकोणीस घरांत कुणाला कुणी विचारलेलं नव्हतं, कारण रौदाच्या स्क्रीनवर ते विचारायला जागाच नव्हती.

तिनं जागा केली. हसऱ्या चेहऱ्याच्या आधी एक नवा डबा उघडला, आत एक प्रश्न ठेवला, डबा बंद केला. उत्तर भरल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही. आणि घरच्यांचं उत्तर एक, नर्सचं बोट दुसरीकडे, असं झालं तर स्क्रीन अडून बसते आणि पुन्हा तपासा म्हणते. समितीतल्या एका डॉक्टरांना हे रुचलं नाही. "बाई, हा वैद्यकीय प्रश्न नाही."

"नसेल, साहेब. पण त्या दिवशी एवढ्या सगळ्या यंत्रांत आणि कागदांत खरं उत्तर एकट्या आईकडेच होतं, आणि आपण तिला गप बसवत होतो. मीसुद्धा." ती प्रश्न काढायला तयार झाली नाही. दोन महिन्यांनी मंजुरी मिळाली ती प्रश्नासकट.

मोठं यंत्र दुरुस्त होऊन आलं तेव्हा मब्रूका रिताजला घेऊन पुन्हा आली. तोडणी संपत आलेली, हातांवर ओरखडे, बरोबर रौदासाठी नव्या तेलाची बाटली. रौदा कोपऱ्यातल्या बाकावर, वही मांडीवर, तोंड बंद. मुरादनं मोबाइल उघडला, स्क्रीनकडे बघितलं, घसा साफ केला आणि वाचलं, "आई, तुमच्या मते मुलीला कुठल्या कानानं कमी ऐकू येतं?"

मब्रूकानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मला विचारताय?"

"तुम्हालाच," मुराद म्हणाला. "तुम्ही सांगितल्याशिवाय ही पुढे जात नाही."

मब्रूकानं तेलाची बाटली खाली ठेवली. ताठ बसली, डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि रिताजच्या उजव्या कानावर आपला ओरखडलेला तळहात ठेवला.

"हा," ती म्हणाली, आणि मुरादचं बोट तिच्या हातामागोमाग लाल कानावर गेलं.